'इललीगल इन्स्ट्रक्शन' : प्रोसेसर बदलला की चांगला चालणारा प्रोग्रॅम का अडतो? कोपरीतल्या लॅपटॉपपासून पुण्याच्या 'अर्का'पर्यंतची गोष्ट

रात्रीचे साडेदहा वाजले होते. कोपरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये शेजारचा पोरगा बेल वाजवत उभा. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टचं सबमिशन.

"ताई, तुझा लॅपटॉप अर्धा तास देतेस? माझ्यावर प्रोग्रॅम उघडतच नाहीये."

प्रोग्रॅम त्याने आणि त्याच्या डोंबिवलीच्या पार्टनरने मिळून लिहिला होता. पार्टनरच्या नव्या लॅपटॉपवर तो मस्त चालत होता. तिथेच तयार करून पेन ड्राइव्हवर आणला. दोघांकडे उबंटू एकच, व्हर्जन एकच. पण याच्या सेकंडहँड, सेलेरॉनवाल्या लॅपटॉपवर एंटर दाबलं की दोनच शब्द यायचे : 'इललीगल इन्स्ट्रक्शन'.

मागून त्याची आई आली. "बेकायदेशीर काय केलंस रे? पोलिसांपर्यंत जाणारं नाही ना काही?"

हसू आलं खरं. पण मी मास कॉमवाली, मलाही त्या दोन शब्दांचा अर्थ सांगता येईना. मग शोधायला बसले, आणि धागा थेट पुण्याच्या पाषाणमधल्या सुपरकॉम्प्युटरपर्यंत गेला. आपल्या मोबाइलवर येणारा पावसाचा अंदाज ज्या यंत्रणेतून तयार होतो, त्या यंत्रणेलाही हाच प्रश्न सोडवावा लागतो. म्हणून हा विषय फक्त कोडिंगवाल्यांचा नाही.

कंपायलर नेमकं काय करतो?

आपण सी किंवा सी++ मध्ये जे लिहितो ते प्रोसेसरला कळत नाही. त्याला फक्त स्वतःच्या ठरावीक सूचना कळतात. आपलं लिखाण त्या सूचनांमध्ये उतरवून देणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. जीसीसी आणि क्लँग हे त्यातले दोन सगळ्यात जास्त वापरले जाणारे.

आता अडचण अशी की सगळ्या प्रोसेसरच्या सूचना सारख्या नसतात. घरी चटणीची कृती लिहून देताना 'मिक्सरला लावा' असं लिहिलं आणि समोरच्याकडे फक्त पाटा-वरवंटा असला, तर तो तिथेच थांबणार. कृती चुकीची नाही, चटणीही चुकीची नाही. लिहिणाऱ्याने दुसऱ्याच स्वयंपाकघराचा विचार केला, एवढंच.

कंपायलरला 'कुठल्या स्वयंपाकघरासाठी लिहायचं' हे सांगणारा पर्याय म्हणजे टार्गेट सेटिंग. जीसीसीमध्ये त्याचं नाव 'मार्च'. मार्च एंडशी त्याचा संबंध नाही. 'एम' म्हणजे मशीन आणि 'आर्च' म्हणजे आर्किटेक्चर.

या 'मार्च'ला 'नेटिव्ह' अशी किंमत दिली, की कंपायलर समोरच्याच प्रोसेसरकडे बघतो आणि त्याच्याकडे जे जे आहे ते सगळं वापरतो. प्रोग्रॅम अनेकदा वेगवान होतो. पण तो 'याच मशीनसाठी' तयार झालेला असतो. डोंबिवलीच्या पार्टनरने कुठल्याशा ट्युटोरियलमधून हीच एक ओळ उचलली होती. नव्या लॅपटॉपवर तयार झालेल्या प्रोग्रॅममध्ये अशा सूचना आल्या, ज्या कोपरीतल्या सेलेरॉनला माहीतच नव्हत्या.

'इललीगल' म्हणजे इथे बेकायदेशीर नव्हे. 'ही सूचना माझ्या यादीत नाही', एवढंच तो प्रोसेसर सांगत होता.

यादीत फरक पडतो कशामुळे?

ठाणेकरांना हे समजवायला कोपरीचा पूल पुरेसा आहे. दोन्ही बाजूंना ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे आठ लेनचा आणि मध्ये रेल्वेवरचा जुना पूल चार लेनचा. रुंदीकरण होईपर्यंत तिथे रोज काय व्हायचं, ते सगळ्यांनी भोगलंय.

प्रोसेसरच्या आतही अशा लेन असतात. एसएसई नावाच्या जुन्या सूचना एका वेळी 128 बिटचा डेटा हाताळतात, म्हणजे 32 बिटच्या चार संख्या. 2013 पासून इंटेलच्या प्रोसेसरमध्ये आलेल्या एव्हीएक्स2 सूचना 256 बिट, म्हणजे आठ संख्या. एव्हीएक्स-512 मध्ये थेट सोळा.

फरक इतकाच, की पुलावर गाड्या खोळंबतात तरी शेवटी पलीकडे जातात. प्रोसेसरमध्ये आठ लेनची सूचना चार लेनवाल्याकडे गेली की प्रोग्रॅम जागीच बंद पडतो.

आणि 'नवा लॅपटॉप म्हणजे सगळ्या सूचना' असंही नाही. इंटेलच्या स्वस्त सेलेरॉन आणि पेंटियम मालिकांमधल्या कित्येक चिपमध्ये एव्हीएक्स नव्हतंच. 2017 च्या शेवटी आलेली सेलेरॉन एन4000 हे त्याचं उदाहरण. कमी बजेटच्या लॅपटॉपमध्ये ती पुढची काही वर्षं सर्रास मिळायची.

यात पुणे कुठून आलं?

सी-डॅकची स्थापना पुण्यात 1988 मध्ये झाली. हवा तो शक्तिशाली क्रे संगणक द्यायला अमेरिकेने नकार दिला होता. मग डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये 'परम 8000' तयार झाला.

ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण तिचा एक भाग फारसा सांगितला जात नाही. परमच्या पिढ्यांमध्ये प्रोसेसर बदलत गेला.

परम 8000 मध्ये इनमॉस कंपनीचे टी800 ट्रान्सप्युटर होते. परम 8600 मध्ये इंटेलचा आय860 आला. नव्वदच्या दशकातल्या परम 9000 आणि परम 10000 मध्ये स्पार्क घराण्याचे प्रोसेसर. परम पद्ममध्ये आयबीएमचा पॉवर4. हा पद्म जून 2003 च्या जागतिक टॉप 500 यादीत 171 वा होता. 2008 च्या परम युवामध्ये इंटेल झिऑन. नोव्हेंबर 2020 च्या यादीत 63 व्या क्रमांकावर आलेल्या परम सिद्धी-एआयमध्ये एएमडी एपिक आणि सोबत एनव्हीडियाचे जीपीयू.

म्हणजे तीन दशकांत सहा-सात वेगवेगळी स्वयंपाकघरं. प्रत्येक वेळी नवं मशीन आलं की जुना प्रोग्रॅम उचलून तिथे ठेवला, असं होत नाही. तो नव्या टार्गेटसाठी पुन्हा कंपाइल करावा लागतो. कधीकधी डेटाच्या फायलींचाही प्रश्न येतो. परमच्या काळातल्या स्पार्क मशीनवर संख्येचा मोठा भाग आधी साठवला जायचा, इंटेलवर छोटा भाग आधी. जुनी फाइल तशीच वाचली तर आकडे भलतेच येतात. फोरट्रानच्या कंपायलरमध्ये ही अदलाबदल करून देणारा वेगळा पर्याय आजही आहे, कारण हवामानाच्या जुन्या फायली आजही वाचाव्या लागतात.

आणि पावसाचा अंदाज?

पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्था, म्हणजे आयआयटीएम आहे. जानेवारी 2018 मध्ये तिथे 'प्रत्युष' सुरू झाला. क्रे कंपनीचं मशीन, आत इंटेल झिऑन, क्षमता 4 पेटाफ्लॉप्स. 26 सप्टेंबर 2024 ला 'अर्का'चं उद्घाटन झालं. क्षमता 11.77 पेटाफ्लॉप्स, आणि आत एएमडीचे एपिक 7643 प्रोसेसर.

त्याच दिवशी पुणे, दिल्ली आणि कोलकात्यासाठी तीन 'परम रुद्र'चंही उद्घाटन झालं. पुण्यातला रुद्र नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या कामासाठी आहे. रुद्रच्या सर्व्हरमध्ये इंटेल झिऑन आहेत.

म्हणजे एकाच जिल्ह्यात, एकाच दिवशी उद्घाटन झालेली दोन मशीन आणि दोन कंपन्यांचे प्रोसेसर. रुद्रच्या पिढीतल्या झिऑनमध्ये एव्हीएक्स-512 आहे. अर्कामधल्या एपिकच्या पिढीत ते नाही. रुद्रवर 'नेटिव्ह' लावून तयार केलेला प्रोग्रॅम उद्या कुणी अर्कावर नेला, तर कोपरीत दिसला तोच मेसेज तिथेही दिसू शकतो.

इंटेलच्या जुन्या कंपायलरची तर आणखी एक खोच आहे. त्यात 'एक्स'ने सुरू होणाऱ्या टार्गेट पर्यायांनी तयार केलेला प्रोग्रॅम सुरू होतानाच 'समोरचा प्रोसेसर इंटेलचा आहे का' हे तपासतो. नसेल तर मेसेज देऊन थांबतो. हव्या त्या सूचना एएमडीमध्ये असल्या तरी! याच प्रकारच्या वागणुकीचा मुद्दा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपर्यंत गेला होता. 2010 च्या समझोत्यात इंटेलने ही गोष्ट ग्राहकांना स्पष्ट सांगावी, अशी अट आली. टार्गेट सेटिंगमागे कधीकधी बाजारही असतो, तो असा.

26 मे 2025 ला आयआयटीएमने विकसित केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली. आधीचं मॉडेल साधारण 12 किलोमीटरच्या चौकटीत हवामान बघायचं, हे 6 किलोमीटरच्या चौकटीत बघतं. ठाण्याची खाडी, येऊरचा डोंगर आणि घोडबंदर यांच्यावर वेगळा पाऊस पडतो, हे इथल्या कुणालाही माहीत आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा कुलाब्यात त्याच्या एक दशांशही नव्हता. त्यामुळे चौकट लहान होणं महत्त्वाचं. ते गणित वेळेत व्हायला मशीन लागतं, आणि मशीनचा पूर्ण वेग मिळवायला बरोबर टार्गेट लागतं.

मग सगळीकडे सगळ्यात जुनं टार्गेट ठेवलं तर?

प्रोग्रॅम सगळीकडे चालेल, पण वेग जाईल. सोळा लेनचा रस्ता असून चारच लेन वापरल्यासारखं.

उलट्या बाजूलाही एक धोका आहे, आणि तो एररपेक्षा वाईट. कारण त्यात एरर येतच नाही.

नव्या प्रोसेसरमध्ये एफएमए नावाची सूचना असते. गुणाकार आणि बेरीज एकाच फटक्यात. आधी गुणाकारानंतर एकदा आणि बेरजेनंतर एकदा, असं दोनदा उत्तर राउंड व्हायचं. आता एकदाच होतं. उत्तर जास्त अचूक येतं, पण आधीच्या उत्तराशी शेवटच्या अंकात जुळत नाही. टार्गेटमध्ये एफएमए असेल, तर जीसीसी नेहमीच्या सेटिंगमध्ये स्वतःहूनच ती वापरतो.

शेवटच्या अंकाने काय होतं? 1961 मध्ये एडवर्ड लॉरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाने 0.506127 ऐवजी 0.506 टाकून गणित पुन्हा चालवलं. थोड्याच वेळात दोन्ही हवामानं एकमेकांपासून पूर्ण वेगळी झाली. म्हणूनच मशीन किंवा टार्गेट बदललं की 'प्रोग्रॅम चालला' एवढं पुरत नाही. जुनी आणि नवी उत्तरं शेजारी ठेवून तपासावी लागतात.

एरर आली तर काय करायचं?

सगळ्यात जास्त दिसणारे मेसेज आणि त्यांचा साध्या भाषेतला अर्थ असा :

1. 'इललीगल इन्स्ट्रक्शन' : प्रोग्रॅम तयार झाला, पण चालताना प्रोसेसरला न कळणारी सूचना आली. 'नेटिव्ह' काढा, सगळ्यात जुन्या मशीनला झेपेल असं टार्गेट द्या.

2. 'एक्झेक फॉरमॅट एरर' : इथे घराणंच वेगळं आहे. इंटेल-एएमडीसाठी बनवलेला प्रोग्रॅम एआरएम मशीनवर, किंवा उलट. डॉकर वापरणाऱ्यांना हा हमखास भेटतो. इमेज तयार करताना प्लॅटफॉर्म स्पष्ट लिहा.

3. 'अनरेकग्नाइझ्ड कमांड लाइन ऑप्शन' : रास्पबेरी पाय किंवा ॲमेझॉनच्या ग्रॅव्हिटन सर्व्हरवर कंपाइल करताना एव्हीएक्स2 किंवा 'एम64' चा पर्याय दिला तर हा येतो. ते पर्याय इंटेल-एएमडी घराण्याचे आहेत. मेकफाइलमध्ये प्रोसेसर बघून पर्याय निवडण्याची अट घाला.

4. 'बॅड व्हॅल्यू फॉर मार्च' : टार्गेटचं नाव चुकलंय किंवा कंपायलर जुना आहे. 'एक्स86-64-व्ही2', 'व्ही3' ही नावं जीसीसी 11 आणि क्लँग 12 पासून आली. त्याआधीच्या कंपायलरला ती माहीत नाहीत.

5. 'टार्गेट स्पेसिफिक ऑप्शन मिसमॅच' : कोडमध्ये एव्हीएक्सची सूचना हाताने लिहिली आहे, पण टार्गेटमध्ये तिची परवानगी दिलेली नाही. फक्त त्या फाइलला किंवा त्या फंक्शनला परवानगी द्या, अख्ख्या प्रोजेक्टला नको.

6. 'अनडिफाइन्ड सिम्बॉल्स फॉर आर्किटेक्चर एआरएम64' : ॲपलच्या एम मालिकेतल्या मॅकवर हे बरेचदा दिसतं. त्याच्या वर 'इग्नोरिंग फाइल' अशी ओळ असेल तर एखादी लायब्ररी जुन्या इंटेल मॅकची राहिली आहे. ती बदला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : टार्गेट बदलल्यावर जुनी बिल्ड फोल्डर पूर्ण काढून टाका. साध्या मेकफाइलमध्ये फक्त पर्याय बदलला तर 'मेक'ला ते कळत नाही. कोडच्या फायली बदललेल्या नसल्या की तो जुने तुकडे तसेच जोडतो. आपण म्हणतो 'सेटिंग बदललं तरी तेच', आणि तास वाया जातो.

आपल्या प्रोसेसरमध्ये काय आहे हे लिनक्सवर 'एलएससीपीयू' कमांड सांगते. 'मार्च' आणि 'मट्यून' यांतही गल्लत करू नका. 'मट्यून' फक्त सूचनांची मांडणी एखाद्या प्रोसेसरला सोयीची करतो. त्याने प्रोग्रॅम दुसरीकडे चालायचा थांबत नाही.

वेग आणि सर्वत्र चालणं दोन्ही हवं असेल तर एकाच प्रोग्रॅममध्ये दोन-तीन आवृत्त्या ठेवता येतात. सुरू होताना तो प्रोसेसर ओळखतो आणि योग्य ती निवडतो. नमपाय ही पायथनची लायब्ररी असंच करते.

हा विषय आत्ताच का?

कारण 'किमान प्रोसेसर' ठरवण्याची रेषा सगळीकडे वर सरकतेय.

टेन्सरफ्लोच्या तयार आवृत्त्यांना 2018 पासून एव्हीएक्स लागतं. इंटेल-एएमडीवर मोंगोडीबीला 2021 च्या 5.0 आवृत्तीपासून. विंडोज 11 च्या 24एच2 अपडेटनंतर एसएसई4.2 नसलेल्या मशीन सुरूच होत नाहीत. मे 2025 मध्ये आलेल्या रेड हॅट लिनक्स 10 ला 'व्ही3' पातळी, म्हणजे एव्हीएक्स2 लागतं. ऑगस्ट 2025 मधल्या डेबियन 13 ने 32 बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं. ॲपलने मॅकओएस 26 ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती असल्याचं जाहीर केलं.

प्रत्येक निर्णयामागे तांत्रिक कारण आहे. जुन्या चिप सांभाळायला खर्च येतो, नव्यांचा वेग वाया जातो. पण रेषा वर गेली की खाली कोण राहतं? सेलेरॉनवर एआय शिकू पाहणारं पोरगं. दहा वर्षांपूर्वीच्या पीसीवर चालणारी कॉलेजची लॅब. म्हणून टार्गेट सेटिंग ही नुसती तांत्रिक ओळ राहत नाही. आपलं सॉफ्टवेअर कुणासाठी आहे, हे त्या ओळीत ठरतं.

यातून बाहेर पडायचा एक रस्ता म्हणजे स्वतःची चिप. सी-डॅकचे 'वेगा' आणि आयआयटी मद्रासचे 'शक्ती' प्रोसेसर रिस्क-व्ही या खुल्या पद्धतीवर आहेत. एप्रिल 2022 मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी डिजिटल इंडिया रिस्क-व्ही कार्यक्रमही जाहीर केला.

पण टार्गेटची कटकट तिथेही आहेच. रिस्क-व्हीमध्ये सूचनांचे गट तुकड्यातुकड्यांनी जोडता येतात. मध्यंतरी नियमावली बदलली आणि आधी मूळ संचात धरलेला 'झिकएसआर' नावाचा गट वेगळा झाला. जीसीसी 12 च्या सुमारास नवी नियमावली लागू झाल्यावर कालपर्यंत तयार होणारे प्रोग्रॅम 'एक्स्टेन्शन झिकएसआर रिक्वायर्ड' म्हणून अडायला लागले. उपाय सोपा : टार्गेटच्या नावापुढे त्या गटाचं नाव जोडायचं. पण तो माहीत नसेल तर विद्यार्थी स्वदेशी चिपलाच दोष देऊन मोकळा होतो.

त्या पोराचं काय झालं?

माझा लॅपटॉप त्याला लागलाच नाही. मेकफाइलमधला 'नेटिव्ह' काढून त्याने 'एक्स86-64-व्ही2' लिहिलं, बिल्ड फोल्डर उडवली आणि त्याच सेलेरॉनवर पुन्हा कंपाइल केलं. सव्वाबारा वाजता प्रोग्रॅम उघडला. फोटोवर प्रक्रिया व्हायला पार्टनरच्या लॅपटॉपपेक्षा वेळ जास्त लागत होता, पण उत्तर तेच येत होतं. दोन्हीकडचे निकाल त्याने शेजारी ठेवून तपासले, हे मला जास्त आवडलं.

सबमिशनच्या रिपोर्टमध्ये त्याने एक ओळ वाढवली : हा प्रोग्रॅम कमीत कमी कुठल्या प्रोसेसरवर चालतो. तुमच्या प्रोजेक्टमध्येही ती ओळ असू द्या. पुढे तो कुणाच्या मशीनवर उघडला जाईल, हे आपल्याला माहीत नसतं.